तळोद्याला जायचं ठरलंय

मुंबई,
रविवार, रात्री

ती. बाबा आणि आई, साष्टांग नमस्कार.

बाबा, हे पत्र तुम्हीच उघडणार आणि मनातल्या मनात वाचणार. तसं करू नका. आईला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका. तिच्या डोळ्यात थेंब चालू आहेत तोवर तिला वाचायला लावायचं नाही. फोनवर सांगणं सोपं होतं. पण फोनवर तुम्ही "बरं" म्हणून आईकडे देता, आई "जेवनी का व माय?" विचारते, आणि मग माझ्या तोंडून पुढचं निघत नाही. म्हणून लिहितेय.

मी नोकरी सोडली आहे. राजीनामा मंजूर झालाय, मेअखेर काम संपेल. अंधेरीची जागाही सोडतेय. जूनमध्ये शाळा उघडल्या की तळोद्याला राहायला जाणार, निदान दोन शालेय हंगाम. तळोद्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी एक आश्रमशाळा आहे. तिथल्या मुलींच्या खो-खो संघावर फिल्म करायची आहे. जागा बघून झाली, भाडं ठरलं, विसार दिला. म्हणजे विचारायला नाही, सांगायला लिहितेय. हे वाक्य मी दोनदा खोडलं, पण तुमच्यापासून काही लपवून ठेवायचं नाही, म्हणून तसंच राहू दिलं.

मला कुणी काढून टाकलेलं नाही. कुणाशी भांडण झालेलं नाही. तब्येत उत्तम आहे. नोकरी चांगली होती हेही खरं. महिन्याच्या महिन्याला पगार, सामन्यांच्या हंगामात गाडी, हॉटेल, सगळं. बाबा, तुम्ही पेन्शनर मंडळींना सांगायचात की लेक टीव्हीवर मॅच दाखवते, ते मला फार आवडायचं. आता सांगा की लेक स्वतःची फिल्म करतेय.

पैशांचं सांगते, कारण दादा सुरतहून फोन करून तेच विचारणार. निम्मा खर्च एका फंडातून येतोय, कागद सह्या होऊन हातात आहेत. उरलेल्यासाठी माझा पीएफ आणि साठवलेले आहेत. कर्ज काढलेलं नाही, दागिने मोडलेले नाहीत, आजीच्या पाटल्या लॉकरमध्ये आहेत तशाच आहेत. कंपनीच्या विम्यात तुमची नावं होती ती निघतील, पण तुमचं दोघांचं रेल्वेचं उमीद कार्ड आहेच आणि भुसावळचा रेल्वे दवाखाना तुम्हाला तोंडपाठ आहे. वरून मी एक वेगळी पॉलिसी घेतली आहे, कागद आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणते. तुमच्या औषधांचे पैसे जसे जात होते तसेच जातील. त्यात एक रुपयाचा फरक पडणार नाही.

आता का, ते.

बाबा, २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवा. मी नवी मुंबईला डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला क्रिकेट वर्ल्डकपच्या फायनलला कामावर होते, तुम्ही घरी टीव्हीसमोर. पावसानं खेळ दोन तास उशिरा सुरू झाला आणि तुम्ही मध्यरात्रीपर्यंत जागलात. शेफालीच्या ८७, दीप्तीचं अर्धशतक आणि वर पाच बळी, हरमनप्रीतनं मागे पळत घेतलेला शेवटचा झेल. ५२ धावांनी जिंकलो आणि तुमचा फोन आला. मागे कॉलनीत फटाके वाजत होते. तुम्ही काही बोललातच नाही, नुसते हुंकार देत होतात. मी तो फोन कानाला धरून कॅमेऱ्यांच्या वायरींमध्ये खाली बसले होते.

त्यानंतर जे झालं ते मी तुम्हाला नीट सांगितलं नव्हतं. खेळाडूंनी वर्ल्डकप नेऊन मिताली राज, झूलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा यांच्या हातात दिला. मिताली आणि झूलन २०१७ ला लॉर्ड्सवर ९ धावांनी हरलेल्या. आयुष्यभर खेळल्या आणि कप हातात आला तो निवृत्त झाल्यावर, दुसऱ्यांनी जिंकलेला. मैदानात जितके कॅमेरे होते तितके सगळे त्या कपाकडे वळले. माझं कामच होतं ते. पण माझ्या मनात एकच येत राहिलं, की आम्ही सगळे आत्ता आलो आहोत. कप आल्यावर आलो आहोत.

म्हाताऱ्या क्रिकेटपटू बायकांवर मी फिल्म केली तेव्हा हेच झालं होतं. तुम्हाला आठवतं, महिलांचा पहिला वर्ल्डकप १९७३ साली, पुरुषांच्या दोन वर्षं आधी झाला हे मी सांगितल्यावर तुमचा विश्वास बसला नव्हता, आणि मग तुम्हीच ते स्टेशनभर सांगत फिरलात. आपल्या बायका १९७६ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी खेळल्या बंगळूरला आणि पहिली जिंकल्या पाटण्याला, शांता रंगास्वामीच्या नेतृत्वाखाली. बिनआरक्षणाच्या डब्यातून जायच्या, शाळांच्या वर्गात सतरंजीवर झोपायच्या. त्या दिवसांचं हलतं चित्र शोधत मी किती दारं वाजवली! मिळाले ते फोटो, कात्रणं आणि त्यांच्या आठवणी. माझ्यासमोर एक जिवंत बाई बोलत होती आणि तिनं टाकलेला एक चेंडूसुद्धा मला दाखवता येत नव्हता. बायकांच्या खेळाची फिल्म करणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त हेच छळतं. पुढच्या चाळीस वर्षांनी दुसरी एखादी मुलगी अशीच शोधत फिरेल, तेव्हा तिला काहीतरी सापडायला हवं. म्हणून कप येण्याआधी जायचं, तो येईल की नाही हे कुणालाच ठाऊक नसताना.

खो-खोच का, तर तो आपला आहे. जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला, आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. चार दिवस सगळीकडे नाव झालं. मग गप्प. मला त्या गप्प दिवसांतलं बघायचंय.

कामातलं थोडं सांगते, आईला आवडतं. खो-खोत आठ जणी एकीआड एक उलट्या तोंडानं चौकोनात बसलेल्या असतात आणि नववी पाठलागावर असते. बसलेलीनं खो मिळेपर्यंत उठायचं नाही. पाठलाग करणारीला मागे वळता येत नाही, मधून पलीकडे जाता येत नाही. पळणारीला मात्र सगळं मोकळं. टीव्हीवाले हा खेळ उंचावरून घेतात आणि सूर मारला की तो मंद करून दाखवतात. मला ते पटत नाही. मंद केलं की खो-खोतला जीवच जातो. कॅमेरा बसलेल्या मुलीच्या खांद्याच्या उंचीवर ठेवला की तिच्या मानेवरचा ताण दिसतो, पाठीवर तळहात पडल्याचा आवाज ऐकू येतो, आणि ती उठते तेव्हा बघणाऱ्याचेही गुडघे ताठ होतात. नऊ मिनिटांची पाळी मी न कापता दाखवणार आहे. मुंबईत एकानं सांगितलं, कोणी बघणार नाही. मला वाटतं, बघतील.

आणखी एक आहे. इतकी वर्षं पैसे देणारे मला एकच विचारत आले: घरची गरिबी किती, बाप दारू पितो का, आई रडेल का कॅमेऱ्यासमोर. २०२३ ला सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हाही एकाला पैलवान पोरीची पकड बघायची नव्हती, तिच्या घराचं छप्पर बघायचं होतं. पुरुष खेळाडूच्या फिल्ममध्ये त्याचा खेळ असतो आणि बाईच्या फिल्ममध्ये तिचं दुःख. मी ते करणार नाही. या मुलींची अडचण मी लपवणार नाही, पण ती त्यांच्या खेळाच्या वाटेत जिथे येते तिथेच दाखवीन.

आणि ती येते. शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य. पावसाळ्यात सुरुवात आणि वरच्या फेऱ्या होईपर्यंत दिवाळी येऊन ठेपते. नेमक्या त्याच वेळी डोंगरातली घरंच्या घरं ऊसतोडीला निघतात, गुजरातकडे, काही आपल्याच पश्चिम महाराष्ट्राकडे. धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठी मुलगी लागते. शाळेतल्या क्रीडाशिक्षिका मला म्हणाल्या, "मॅडम, मी बारा जणींची नावं पाठवते आणि गाडीत बसायला कोण येईल ते सकाळी कळतं." त्यांच्या खोलीत कविता राऊतचा फोटो लावलाय, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य मिळवलं तेव्हाचा. सावरपाड्याची पोर, या मुलींसारखीच डोंगरातली. मागे मी नुसती भेटायला गेले तेव्हा एक मुलगी मला खांबाजवळ घेऊन गेली आणि दिशा फसवून खांब कसा घ्यायचा ते शिकवायला लागली. मला जमेना, तर ती धीरानं पुन्हा पुन्हा दाखवत होती. कॅमेऱ्याकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही. तेव्हाच माझं ठरलं.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते.

आई म्हणेल, इतकी जवळ येतेस तर घरी का राहत नाहीस? भुसावळहून नंदुरबार सुरत लाइनवर, सकाळी बसलं की दुपारच्या जेवणाला तिथे, पुढे तळोदा एसटीनं तासाभराचं. खरंय. पण सराव असतो पहाटे उजाडताना आणि पुन्हा संध्याकाळी. दोन्ही वेळेला मी मैदानावर हवी. मुली आधी पाहुणी म्हणून वागतात, मग सवय होते, मग विसरतात, आणि विसरल्यावर खरं काम सुरू होतं. येऊनजाऊन ते होत नाही. आणि आई, मी घरी राहिले की तू पहाटे माझ्या आधी उठशील, डबा करशील, मी येईपर्यंत जेवायची थांबशील. बाबा दाराशी खुर्ची टाकून बसतील. मला ठाऊक आहे ना. तुमच्या तब्येतीचं वेळापत्रक माझ्या शूटिंगला बांधायचं नाही, एवढ्यासाठी वेगळी राहतेय. घरापासून लांब राहायचं म्हणून नाही. मुंबईहून वर्षाला जितकी येत होते त्याच्या कितीतरी पट येईन. पंधरा दिवसांआड रविवार तुमचा, हे मी माझ्या कॅमेरावाल्यालाही सांगून ठेवलंय. पौषात बाबांना दवाखान्यात नेलं तेव्हा मला पोचायला रात्र उलटली. आता तसं होणार नाही. हा विचार त्या ठरवण्यात होता, पहिल्यापासून होता.

जागा चांगली आहे. एका निवृत्त बाईंच्या घराचा वरचा मजला, त्या एकट्याच असतात आणि माझ्यावर लक्ष ठेवायला आत्तापासून उत्सुक आहेत. पाणी चोवीस तास, खिडक्यांना जाळ्या, समोर किराणा आणि औषधांचं दुकान. साप निघतात का ते आईनं विचारायच्या आधी मीच विचारलं. जोत्याची उंची बघून आले, बाथरूमच्या मोरीला जाळी बसवून घेतली. बाजरी, ज्वारी तिथे मिळते. कळण्याचं पीठ मात्र तुझ्याकडूनच नेणार.

आई, अमळनेरच्या मावशीबद्दल. मी तिला फिल्मसाठी विचारलं होतं. ती नको म्हणाली, मी पुन्हा विचारलं नाही आणि विचारणारही नाही. तिचं नाव, तिचा फोटो, आजोबांच्या वाड्यातलं त्या वर्षीचं बोलणं, काहीही फिल्ममध्ये येणार नाही. तू काळजी करू नकोस, तिलाही सांग. मात्र मागच्या खेपेला तिच्या अंगणात मी मोबाइलवर या मुलींचा सराव दाखवला, तर तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "हाई पोर उशिरा उठस." बरोबर बोलली. तीच मुलगी खो मिळाल्यावर अर्धा क्षण दबते, क्रीडाशिक्षिकाही तेच सांगतात. एवढ्या वर्षांनी एका नजरेत दिसलं तिला. ते मी कुठेच वापरणार नाही, फक्त तुला कळावं म्हणून लिहिलं.

बाबा, लोक मला मुलाखतीत विचारतात, या विषयाकडे कशा वळलात. मी काहीतरी नीटनेटकं सांगते. खरं कारण तुमचा हिरवा झेंडा आहे. उन्हाळ्यात रेल्वे ग्राउंडवर कॉलनीतल्या आम्हा सगळ्या पोरींना तुम्ही ओळीनं उभं करायचात, ड्यूटीवरून आलेले, अंगावर पांढरा ड्रेस तसाच, आणि गार्डाच्या झेंड्यानं शर्यत सोडायचात. मालगाडी सोडतात तितक्या गांभीर्यानं. शेवटी येणारीलासुद्धा थांबून नंबर सांगायचात. सगळ्यांच्या बापांनी बघितलं, कुणी हसलं, आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा आलात. मी शेवटून दुसरी यायचे, तरी घरी येताना तुम्ही झेंडा मला धरू द्यायचात. मग रेल्वेच्या टीममधल्या बायकांबद्दल सांगत यायचात, की नोकरीही करतात आणि देशाकडून खेळतातही. मला वाटायचं सगळ्या बायका तसंच करतात. आणि आई, तू माझे केस इतके घट्ट बांधायचीस की पळताना एक बट सुटायची नाही. अजूनही शूटिंगला निघताना मी तशीच वेणी घालते. तुझ्याइतकी घट्ट बसत नाही.

पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटचा फॉर्म भरला तेव्हा घरात जे झालं ते झालं, पण सही तुम्ही केलीत. आत्ताही मनातून नापसंत असेल तरी चालेल. फक्त त्याची काळजी करून रात्री जागू नका.

आता मी सांगते तेवढं मुकाट ऐकायचं.

बाबा, रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. दात काढायचाय म्हणून कुणी थांबवायला सांगितलं तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं, मला फोन करायचा, मगच. गोळ्यांचा वारांचा डबा आणलाय तो वापरा, खिशात सुट्या ठेवू नका. सकाळचं फिरणं सात वाजायच्या आत, प्लॅटफॉर्मवर नाही, बागेत. आपल्या भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा दहा ते पाच बाहेर पाय टाकायचा नाही, बँकेचं काम असलं तरी. डोक्याला उपरणं हवंच. आईनं उन्हात बिबड्या घातल्या की तुम्ही राखण करायला बसता, तेही बंद. आणि त्या बिबड्या, पापड, लोणचं तुम्हाला एक नखभर, त्यापलीकडे मीठ नको. शेवभाजी महिन्यातून एकदा, तर्री न घेता. तर्री नसेल तर शेवभाजी कसली, असं म्हणाल. तरीही.

कूलरचं गवत या आठवड्यात बदलून घ्या, माणसाला पैसे पाठवलेत. पाणी रोज बदलायचं, डास होतात. इन्व्हर्टरची बॅटरी नवीन बसवायला बुधवारी येतील. न्हाणीघरात हाताला धरायला दांडी बसवायची आहे, बाबा नाही म्हणतील, आई तू हो म्हण.

आई, पोळ्यांना ज्या ताई येणार आहेत त्यांना येऊ दे. तुझ्या हातची चव त्यांना नसेल, पण तुझे गुडघे ओट्यापाशी तासभर उभे राहण्याचे नाहीत. भाजी तूच कर, बसून कर, उंच स्टूल घेतलाय. डोळ्यात थेंब टाकताना दोन थेंबांत पाच मिनिटं अंतर ठेव, घाई करू नकोस. सुरतला दादाकडे जायचं की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवा, मी दादाला सांगितलंय की आई-बाबांना गळ घालायची नाही. गेलात तर वहिनी जीव लावेल, राहिलात तर मी आहे.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी पोचतेय. स्टेशनवर घ्यायला येऊ नका, रिक्षा करीन. पुरणाचा घाट मी आल्यावर घालू, आमरसाचे आंबे मी आणते. खापर माळ्यावर आहे. ते मी काढणार आहे. आई, तू स्टुलावर चढायचं नाही, आणि बाबा, तुम्ही तिला स्टूल धरून द्यायचा नाही.

तुमची,
छोटी